शून्य ते सहा

पेटी पत्र्याची, पाच खणांची.
दगड डावीकडून उजवीकडे लावायचा,
खण भरला की पुन्हा डावीकडून.
पुस्तकातली ओळ वाचतो तसं, बोरकर मॅडम म्हणाल्या.
मी आठवी नापास. पण पेटी कधी चुकलो नाही.

सेल्वम लिव्हर ओढतो, नळी वर येते,
तो तिला हातोडीनं ठोकतो, झोपलेल्याला उठवावं इतकंच,
आणि दगड सरकत येतो माझ्या हातांत,
ओला, जून बांबूच्या पेरासारखा,
ज्याला ऊन म्हणजे काय हे
आत्ता, या मिनिटाला कळतंय.
मी तो धुतो. दर तीन मीटरला लाकडी ठोकळा,
ठोकळ्यावर मार्करनं आकडा.
रोज साडेचारशे, जेवण आपलं.

फागुन लागला होता. पहाटे बाया मोहफुलं वेचायला यायच्या
रिगच्या दिव्याच्या उजेडात,
तेवढाच बॅटरीचा खर्च वाचायचा.
फुलवंता रोज विचारायची, का निंगालं बा?
गोटे.
सोनं नाई?
नाई. तांबा, असला तर. नाईतर जस्त.
जस्त कायले लागते?
छपराच्या पत्र्याले.
तिनं टोपली डोक्यावर घेतली.
मंग आमच्या छपरावरूनच काढा न,
थो त आयताच हाये.

त्र्याऐंशी मीटरवर पाणी हरवलं.
असंच म्हणतात, पाणी हरवलं.
पंप बोडीतून ओढत होता, भोक पीत होतं,
वर काही परत येईना.
सेल्वमनं बेंटोनाइटची बारा पोती ओतली,
तमिळमध्ये काहीतरी बोलला,
देवाला की कोणाच्या आईवरून, कळलं नाही.
बोडीत झिंगरू मेश्रामची मासोळी होती.
तो काठावर उभा राहून
चिखलाची नवी रेघ बघायचा, रोज एक वीत.

एकशे चाळीसला रंग बदलला.
मॅडमनी भिंग लावलं, मग दगडाला जीभ लावली,
मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
पितळी ठिपके, बोटभर पट्टा,
मधासारखं काहीतरी तपकिरी.
करवतीनं दगड उभा चिरला.
अर्धा कापडी थैलीतून नागपूरला गेला,
अर्धा माझ्या पेटीत.
निकाल आम्हाला कोणी सांगणार नव्हतं.

एका दुपारी त्यांची वही उघडी होती.
मी वरून वाचायला लागलो, ओळीनं, डावीकडून.
० ते ६ मीटर. माती. नमुना नाही.

सहा मीटर.
धानाचं मूळ वीतभर जातं.
सागाचं गेलं तर दोन पुरुष.
आमच्या विहिरीचं पाणी चैतातही पाचाच्या वर.
आजाला आम्ही साडेपाच फुटांवर ठेवला,
सोबत त्याची चिलीम.
आणि ज्या धुऱ्यासाठी काका कोर्टात गेला
त्याचा दगड एक हातसुद्धा खाली नाही.

मॅडम, नमुना का नाही?
माती भुसभुशीत असते, अंताराम,
नळीत टिकत नाही. लिहिण्यासारखं नसतं काही.
वाईट हेतूनं नाही म्हणाल्या. चहा पीत होत्या.

आता रिग गेली.
सिमेंटचा एक ठोकळा उरलाय, त्यावर भोकाचा नंबर,
बकऱ्या त्याला अंग घासतात.
त्या वहीत आणखी एक जागा रिकामी आहे,
एकशे बारा पॉइंट चाळीस ते पंचावन्न.
कोअर लॉस, पंधरा सेंटिमीटर.
मॅडमना वाटतं, दगडाचा भुगा झाला.

काळा, गच्च, एकही ठिपका नसलेला. मी बघूनच घेतला होता.
माय त्यानं जवसाची चटणी वाटते.
म्हणते, वरवंटा चांगला हाये,
पण गार लागते हाताले,
कितीही वाटलं तरी.