हातातलं सामान

घरून निघताना न्हाणीघरातल्या काट्यावर
आधी बॅग पाठीला लावून उभी राहिले,
मग बॅग उतरवून.
वजाबाकी आली साडेअकरा किलो.
बॅगेविना जो आकडा उरला
तो मी कुणाला सांगणार नाही.

जाताना कुणी अडवलं नाही.
अडवलं परतताना, ग्रँड आयलंडच्या विमानतळावर,
जिथं दार एक, पट्टा एक,
आणि कॉफीचं यंत्र मार्चभर बिघडलेलं.

तपासणीच्या पोरानं मोठं भिंग उचललं
दोन्ही हातांनी, बाजारात कलिंगड उचलावं तसं.
कडेकडेनं पांढरी चिंधी फिरवली,
चिंधी यंत्रात घातली. यंत्र गप्प राहिलं.
"यातून काय बघता?"
"करकोचे."
"हां, ते. काकांच्या मक्याच्या धसकटांत असतात,
हजारांनी. झोपू देत नाहीत."
आणि भिंग परत दिलं, जरासं हिरमुसून.

खरं तर मीही तीन पहाटे
प्लॅट नदीकाठच्या फळ्यांच्या खोपीत
बोटं बधिर करून बसले, आणि मिळालं काय?
एक करकोचा, मान खाजवणारा,
तेवढाच स्पष्ट. बाकी सगळी राखाडी हालचाल.
खोपीची राखण करणारी बर्निस कुजबुजली होती,
"भरतो किती, तर चार-साडेचार किलो."
माझं भिंगही तेवढंच, टोपणासकट.
तो मेक्सिकोकडून येतो, कुणी कुणी थेट सायबेरियाला जातो,
पोटात नेब्रास्काचा मका
आणि हात मोकळे. म्हणजे, हातच नाहीत.

गेटवर डार्लीन. चष्मा साखळीला,
शेजारी लोखंडी चौकट:
बॅग मावली तर बरोबर न्या, नाहीतर विमानाच्या पोटात.
बॅग मावली नाही.
चौकटीनं तिला कमरेपाशी धरून ठेवलं,
दोघींनी ओढली तेव्हा सुटली.
"आज विमान लहान आहे, हनी."

मग मी जे केलं ते माझ्या आजवरच्या सभ्यपणात बसत नाही.
रांगेसमोर बॅग उघडी टाकली.
दोन कॅमेरे कोटाच्या खिशांत,
छोटं भिंग मोज्यात, मोजा बाहीत,
बॅटऱ्या जिथं मावतील तिथं,
चार्जरची वायर गळ्यात,
आणि मोठं भिंग गुंडाळलं दुपट्यात.

दुपटं निषादचं. बाळंतविड्यातलं, कडेला हिरवी फीत.
एकोणतीस वर्षांनी आता ते याच कामाचं;
मऊ आहे, धागे सोडत नाही.
निषाद सिअ‍ॅटलला असतो. फोन करतो.
म्हणजे, उचलतो.

चेपलेली बॅग चौकटीत गेली.
मी गेले नसते.

डार्लीननं चष्म्यावरून पाहिलं
माझ्या खांद्यावरच्या गाठोड्याकडे,
मग माझ्या हाताकडे,
जो न सांगताच त्याच्या बुडाखाली गेला होता.
"किती वर्षांचं?"
"अकरा. सेकंडहँड घेतलंय."
"दोनच्या वर असेल तर तिकीट लागतं,"
ती म्हणाली, चेहऱ्यावरची रेघ न हलवता,
आणि मला आत सोडलं.

खिडकीची जागा. शेजारी
ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणारा एक गृहस्थ.
"वर ठेवून देऊ का?"
"नको."
विमान चढू लागलं, कानात दडे बसले.
त्यानं च्युइंगमचं पाकीट पुढं केलं, एक मला,
मग पाकीट तसंच धरून
मांडीवरच्या दुपट्याकडे पाहत राहिला क्षणभर,
आणि कसनुसं हसून खिशात टाकलं.

डॅलसला सामानाच्या पट्ट्यावर
ट्रायपॉड आला सगळ्यांत शेवटी,
पिशवी उसवलेली,
दोन पाय मिटलेले, एक सुटून लांबलेला.
गुलाबी चिठ्ठी त्याच पायाला,
पक्ष्याला कडी घालतात तशी.
तीनदा गेला माझ्यासमोरून.
उचलता येईना.
दोन्ही हात गुंतलेले होते.