नवी सुरी

देवचंद घिसाड्यानं
मोटारीच्या मोडक्या पाट्यातून काढली.
मूठ धावड्याची दे म्हणालो,
रक्ताळल्या हातात ती फिरत नाही.
दोन पायल्या जोंधळा अन् एक कोंबडी.

किनवटच्या रानात, नाल्याच्या वाळूवर
चितळ अजून ऊन होतं.
जहागीरदार सिगारेट पेटवून म्हणाले,
"बघू कासम, तुझं खेळणं."

गुडघ्यापाशी नुसती टेकवली;
कातडं आपणहून बाजूला सरलं,
बाजारातली माणसं
मोकाट बैलाला वाट देतात तसं.
पोटाला बोट आत, पातं वर.
आतडं शाबूत. धार शाबूत.
देवचंद, हात सोन्याचे तुझे.

मग फऱ्यात टिक् झालं.
हाड नव्हे. हाडाचा आवाज मला ठाऊक आहे.
दोन बोटांनी चाचपलं:
गावठी बंदुकीचा लोखंडी छर्रा, जुना,
भोवती मांसानं विणलेली पांढरी पिशवी.
म्हणजे हे एकदा निसटलं होतं.
किती पावसाळे घेऊन हिंडलं?

"काय रे, थांबलास का?"
"काही नाही सरकार, गाठ आहे."

छर्रा कनवटीला खोचला.
घरी येऊन दिव्याशी धरली,
तर धारेला केसाएवढं खांडं.
देवचंदचं बिऱ्हाड मुदखेडकडं गेलंय.
दगड माझ्याकडंही आहे.
घासलं नाही अजून.