ओवलेल्या सुया

हातोडा पुलाच्या अलीकडे, जिथे उसाच्या ट्रॉल्या
वळताना दोन-चार कांड्या हमखास सांडतात,
तिथे हमीदा मणियारचं दुकान.
आधी पिठाची गिरणी होती. अजून दमट हवेत
भिंतींना ज्वारीचा वास सुटतो,
आणि मणी मोजायला तिच्याकडे
गिरणीचंच जुनं माप आहे, कडेला चेपलेलं.

बरण्यांत फिरोजाबादचा माल:
डाळिंबी, मोरपंखी, कच्च्या केळ्याचा हिरवा,
आणि एक पिवळा, ज्याला हमीदा काविळीचा म्हणते.
तोच सगळ्यांत जास्त खपतो.

रविवारी दुपारी मी इथे शिकवते.
पोत्यावर पांढरं धोतर अंथरलेलं,
मणी सांडला की दिसावा म्हणून,
आणि भोवती आठ बाया, मिरचीच्या पथारीवरून थेट आलेल्या.
सकाळपासून देठ मोडून बोटं पेटलेली.
मी म्हणते, आधी हात धुवा, मग ताक लावा, मग पुन्हा धुवा.
तरी तिसऱ्या-चौथ्या मण्याला कुणीतरी
डोळ्याला बोट लावतंच,
मग सगळ्या वर्गाला हसू, शिंका, पाणी.

दोऱ्याला मेण लावा, पण लाड करू नका.
मणी सुईनं उचलायचा, चिमटीनं नाही,
कोंबडी दाणा टिपते तसा.
आणि मागच्या दोन मण्यांतून परत यायचं:
आल्या वाटेनं एकदा जाऊन आल्याशिवाय
पुढची ओळ बसत नाही.
हे वाक्य मला स्वतःला फार आवडतं.
चंद्रभागा म्हणते, "मंग भाडं डबल लागी, ताई."

सुकलाल भोई बायकोला सोडायला आला
आणि उंबऱ्यावरच बसला, तो महिनाभर बसतोय.
त्याची गाठ बघून मी माझी गाठ बदलली:
तापीत जाळं टाकणाऱ्याची, ओली झाली की आवळणारी.
मणी मात्र त्याच्या बोटांतून निसटतात
आणि तो प्रत्येकाला शिवी देतो,
हळू, बाया बसल्यात म्हणून.

आता खरं सांगते.
दोन वर्षं झाली, मला सुईचं नेढं दिसत नाही.
चष्मा बदलला, नंदुरबारला जाऊन थेंब आणले.
नेढं तिथेच असतं, मीच शेजारून जाते.
म्हणून पहिला धडा असा बसवलाय:
प्रत्येकीनं एक सुई ओवायची
आणि तपासायला माझ्याकडे द्यायची.
मी दोरा ओढून बघते, छान म्हणते,
आणि त्याच सुयांवर तास काढते.
डोळ्यांना पाणी आलं तर मिरची आहेच.

जातरी वळवी कमी बोलते.
तिच्या गळ्यातला पट्टा तिच्या आईनं गुंफलेला.
मी नमुना चौकटीच्या वहीत उतरवायला मागितला,
ती म्हणाली, आईला विचारते.
तीन महिने विचारतेय.

गेल्या रविवारी सगळ्या गेल्यावर ती थांबली.
"मिरची नही, ताई," म्हणाली. "तुमले दिखस नही."
मी माप पुसायला घेतलं.
हमीदानं बरण्यांची झाकणं
गरज नसताना पुन्हा घट्ट केली.
जातरीनं डबीतल्या सुया काढल्या,
दाराच्या उजेडात उभी राहिली आणि ओवत गेली,
दोरा न चाटता, न चुकता,
एकेक माझ्या पदराला टोचत.
चौदा.
"हप्ताभर पुरतीन."

एसटीत मी पदर अंगापासून लांब धरून बसले.
शेजारच्यानं विचारलं, शिवणकाम का?
हो म्हटलं.

सोमवारी तीन लागल्या. मंगळवारी सहा,
एक दोरा माझ्याच घाईनं तुटला.
काल रात्री शेवटचा संपला.
मोर मानेपर्यंत आलाय, तुरा राहिलाय.
रविवारला अजून तीन दिवस.

उद्या बाजार. जातरी येईल, मिठाच्या दुकानापाशी भेटते.
रिकाम्या सुया मी डबीत घालून ठेवल्यात.
द्यायच्या कशा, काय म्हणून, ते ठरत नाही.
पिशवीत डबी मात्र मघापासून टाकलेली आहे.