परतीची तारीख

शेडच्या आढ्याला ताणकाटा टांगलाय,
एझ्राकाकांच्या वेळचा.
त्याच्या आकड्याला तेव्हा मूसची मांडी लागायची,
आता मी लोकांची निळी पिंपं अडकवते.
"एकतीस किलो," मी म्हणते
आणि बघत राहते, दोघींतली कोण आधी नजर चोरते.

आयली आणि इर्मा. सख्ख्या बहिणी, थंडर बेच्या,
साठी ओलांडलेल्या, गुडघे कुरकुरणारे.
एकवीस दिवस, अकरा पोर्टेज.
पोर्टेज म्हणजे, इतका वेळ तुम्ही कनूत बसलात,
आता धबधबा आला,
आता कनू तुमच्या डोक्यावर बसणार.

सगळं जमिनीवर ओतायला लावलं.
तंबू, ताडपत्री, पंधरा मीटर दोर,
काळ्या माशांसाठी जाळीच्या टोप्या,
बाटलीभोवती गुंडाळलेली चिकटपट्टी
(हे कुणीतरी नीट शिकवलंय),
लोकरीचे मोजे, एक जोड फक्त झोपायचा.
तीन तवे.
"तीन?"
"एक हिचा," दोघी एकदम म्हणाल्या,
बोटं एकमेकींकडे.

जादा वल्हं इर्माला नको होतं.
माझं कधी पडलेलं नाही, म्हणाली.
मी म्हटलं, ते जिचं पडेल तिच्यासाठी नसतं, बाई,
जिचं पडणार नाही तिच्यासाठी असतं.
एकटीनं किती ओढणार ती?
आयलीनं काही न बोलता
ते कनूच्या आडव्या दांडीला बांधलं. दोन गाठी.

मग ओट्सच्या पुड्या. एकवीस.
प्रत्येकीवर पेन्सिलीनं तारीख,
आठ ऑगस्ट ते अठ्ठावीस.
"आणि वाऱ्याचे दिवस किती धरलेत?"
"कसले?"
नकाशा उलगडला. शेवटचं सरोवर,
अकरा किलोमीटर उघडं पाणी, मध्ये एक बेट नाही.
वायव्येचा सुटला तर काठावर बसून राहायचं,
दाताखाली वाळू, समोर पांढऱ्या लाटा.
काका सकाळी दार उघडून नुसतं "नूडिन" म्हणायचे,
आमच्या भाषेत वारा,
आणि त्या दिवसाची सगळी कामं संपायची.
तुमच्या आठवड्यात सात वार आहेत,
वाऱ्याचा वार नाही.
आणखी तीन पुड्या करा.
त्यांच्यावर तारीख घालू नका.

शेवटी कागद.
'परत : अठ्ठावीस, संध्याकाळ.
न आल्यास तीसला दुपारी बारा वाजता विमान.'
तो खिळ्याला. खिळ्यावर सगळ्यात खाली
एक जुना, पिवळा पडलेला. इर्मानं विचारलंच,
हा परत आला नाही का?

आला की.
दुसऱ्या नदीनं उतरला, ट्रकवाल्यानं सोडला,
विनिपेगला घरी बसून मासे तळत होता.
काका सहा दिवस शोधत होते त्याला,
तळ गळानं चाळत.
नंतर त्यांना मासा जाईना घशाखाली.
कागद काढू द्यायचे नाहीत ते.
असू दे, म्हणायचे, कुणीतरी विचारेल.

अठ्ठावीसला ऊन होतं, तरी कुणी नाही.
म्हणजे सरोवरावर असणार तो.
एकोणतीसला माझ्या दारातले ऐटबाज वाकले.
तीसला मी साडेदहापासून फोनशेजारी,
ताणकाट्याला तेल देत. त्याला तेल लागत नाही.

साडेअकराला लाल ठिपका.
मग दोन. मग वल्ह्यांची ती चमक,
एकदा डावी, एकदा उजवी,
डावीकडची जरा लांब. जादा वल्हं.

आयली किनाऱ्यावर उतरली ती तडक शेडमध्ये.
मला मिठी नाही, नमस्कार नाही,
आधी खिळ्यावरून आपला कागद काढला,
चार घड्या करून खिशात घातला.
मग म्हणाली, आलो.

पिंप काट्याला लावलं मी, सवयीनं.
सात किलो.
आत तारीख नसलेली एकच पुडी,
आणि तवे दोन.
तिसरा कुठं, विचारल्यावर
दोघी सरोवराकडे बघायला लागल्या.