गडग्यावरची मिरी

मिरवेल मी माझ्या हद्दीत लावली,
गडग्यापासून दीड हातावर, उत्तरेच्या अंगाला,
म्हणजे दुपारचं ऊन तिला झोंबणार नाही.
फणस पलीकडचा, इनास दांतसचा.
वेलीला हद्द कोण सांगणार?

पहिलं वर्ष तिनं नुसता विचार केला.
दुसऱ्या वर्षी पेरापेराला मुळं फुटली,
सुंगटाच्या पायांसारखी,
आणि ती जांभ्यावरून सरळ फणसाला बिलगली.

इनास कोयता घेऊन आला.
बराच वेळ वर बघत उभा.
“कापूक इललंय, बाये,
पण हिचो हात सुटत नाय.”
मग त्यानंच केळीच्या सोपटानं तिला वर बांधलं
आणि मला सुनावलं:
रोप करायचं तर जमिनीवर पळणारी फूट घे.
फळाला लागलेली घेशील तर चढणार नाही जन्मात,
झुडूप होऊन बसेल अंगणात,
माझ्या मेव्हण्यासारखी.

चैत्रात उभादांड्याची वाळू तापते, गवत करपतं,
हिची पानं तशीच, काळपट हिरवी.
माघात घोसाला एखादा दाणा लाल झाला की
तो शिडी लावायचा, मी खाली सूप धरायची.
पायानं मळायचं, उकळत्या पाण्यात एक बुडी,
मग चार उन्हं.
दाणे सुरकुतायला लागले की
खळ्यात कोंबड्यासुद्धा शिंकायच्या.
वाटणी अशी:
एक करवंटी इकडे, एक तिकडे,
उरलेली ज्याच्या घरी खोकला जास्त, त्याला.

यंदा इनास नाही.
त्याचा आग्नेल ठाण्याहून आला,
सोबत लाकडाचा व्यापारी, टेप घेऊन.
घेर मोजायचा तर टेप वेलीखालून जाईना.
बुंध्याशी ती मनगटाएवढी झालीय, साल खरबरीत,
फणस कुठे संपतो, ती कुठे सुरू होते,
बोटानं चाचपावं लागतं.

“ही कुणाची?” व्यापाऱ्यानं विचारलं.
आग्नेलनं माझ्याकडे बघितलं.
मी मुळाकडे बघितलं, मग शेंड्याकडे.
उत्तर तसं तयार होतं.
मी चहा ठेवायला आत गेले.

फणसाचं अजून ठरलेलं नाही.
मी दुधाच्या पिशव्यांत माती भरते आहे,
तीन-तीन पेरांचे तुकडे, पळत्या फुटीचे.
अकरा पडवीच्या सावलीत.
बारावी गडग्यावर ठेवली आहे.
आग्नेल सोमवारपर्यंत इथंच आहे.