दहा मायक्रोफॅरड

बोल्तेझार म्हणतो, बोर्ड खोटं बोलतं.
दिवसभर मधपेटीच्या दारात बसून
मोजत असतं: गेली, आली, गेली, गेली, आली.
प्रत्येकीला हिरवा दिवा लुकलुकतो,
बाकावर पाव खाता खाता त्यानं स्वतः पाहिलंय.
संध्याकाळी मात्र लॅपटॉप आणावा,
केबल खुपसून विचारावं, किती बाहेर?
की पडद्यावर ओळ: सुरुवात झाली.
खाली: शून्य.
तीस हजार माश्या, आणि रोज
पहिले पाढे पंचावन्न.

मी त्याच्या बहिणीची नात, व्लास्ता.
क्रान्यहून दोन बस बदलून आले,
मोहरीच्या रिकाम्या बरणीत सुटे भाग घेऊन.
पेट्यांच्या दर्शनी फळ्यांवर जुनी चित्रं:
शिकाऱ्याची अंत्ययात्रा, खांदेकरी अस्वल,
मागून ससे, बहुधा खुशीत.

खोटं नाही बोलत ते, आजोबा.
तुम्ही पोर्ट उघडलंत की लॅपटॉप
एक तार खाली ओढतो, क्षणभरच,
दारात उभं राहून घसा खाकरावा तशी.
याला वाटतं, नवा प्रोग्राम आला,
आणि ते ताडकन उठतं,
मांडीवरची सगळी मोजदाद सांडून.

तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, आमच्यात मालक गेला
की कुणीतरी पेटीवर टकटक करून माश्यांना सांगतं.
वडील गेले तेव्हा मी सांगितलं. सात वर्षांचा होतो.
म्हणजे मी याला रोज संध्याकाळी
कुणीतरी मेल्याचं सांगत होतो?

जवळपास, मी म्हटलं.

बोर्डावर एक बारीक तांब्याची रेघ असते.
ब्लेडनं तोडली की हे कायमचं सुटेल.
त्यानं बोर्डावर पंजा ठेवला. तोडायचं नाही.
मग बरणीतून कपॅसिटर काढला,
दहा मायक्रोफॅरडचा, निळा, चिमुकल्या पिंपासारखा.
लांब पाय रीसेटमध्ये,
पांढऱ्या पट्ट्याकडचा आखूड पाय ग्राउंडमध्ये.
आता तार ओढली गेली तरी
हा तो हिसका पोटात घालील,
ओसरीवरची काकू पाहुण्याला बोलण्यात गुंतवते तसा,
आत कुणाचा डोळा लागलेला असताना.

लावताना एकदा दचकलंच ते. सुरुवात झाली, शून्य.
हे शेवटचं, मी म्हटलं,
आणि कुणाला म्हटलं ते कळेना.

दुसऱ्या दिवशी लिंडन फुललेला, सगळा डोंगर बाहेर.
सूर्य कड्यामागे गेल्यावर केबल लावली.
सुरुवातीची ओळ आलीच नाही.
चालू वाक्यात आपण शिरावं तसं मधूनच:
आली, आली, गेली, आली. बाहेर बासष्ट.
बोल्तेझारनं टोपी काढली.
केबल काढून पुन्हा लावून पाहिली. एकोणचाळीस.
पुन्हा. अकरा.
अंधार पडला तेव्हा: उणे चार.

सेन्सर चुकतोय, मी म्हणाले.
चार पाहुण्या आल्यात, तो म्हणाला.

प्रोग्राम दुरुस्त करायला मी खुर्ची ओढली.
त्यासाठी कपॅसिटर काढावा लागतो:
जोवर तो आहे तोवर हे
काही विसरत नाही, नवं काही शिकतही नाही.
मी बोटं पुढे केली.
हिवाळ्यात बघू, तो म्हणाला,
आणि लॅपटॉपचं झाकण दोन्ही हातांनी लावलं,
आवाज न करता.