जास्तीचा यू

अक्कलकोट रोड, एमआयडीसी, लेबल खातं.
माझ्या टेबलावर दोन रिळं :
एकावर कलरमध्ये यू आहे, एकावर नाही.
यूवालं मँचेस्टरला, बिनयूचं ह्यूस्टनला.
टॉवेल तोच, वीण तीच,
धुवायचं पाणीसुद्धा दोघांना तेवढंच कोमट.

हा यू भंडारे बाईंनी पट्टीनं शिकवला होता.
गाळला की शंभर वेळा लिहायचं.
तो बोटांत बसलाय अजून,
म्हणून मार्चमध्ये घोळ झाला :
दोन हजार टॉवेल यू घेऊन अमेरिकेत उतरले.
तिकडच्या गोदामातून फोटो आला,
यूभोवती लाल गोल,
बाईंचाच वाटावा असा.

येमूलसाहेबांनी मेल लिहिली :
काइंडली डू द नीडफुल.
उत्तर आलं, नीडफुल म्हणजे काय?
साहेबांनी चष्मा काढला, सँपलच्या टॉवेलनं
बराच वेळ पुसत राहिले.
"पस्तीस वर्षं लिहलालाव बे,
कुणी इचारलं नव्हतं."

मग श्रीशैलला बसवलं व्हिडिओ कॉलवर.
तो त्यांच्याशी वॉडर म्हणतो,
कॉल संपला की, "पाणी दे की बे, घसा सुकला."
शब्बीर पॅकर खोकी बांधता बांधता म्हणाला,
"दीदी, कान तो दोनोंके गीलेच होते ना?"

जहाजावर न चढलेला माल
मंगळवार बाजारात किलोवर गेला.
परवा दिसला, रसवंतीवाल्याच्या खांद्यावर,
लेबल उलटं, यूचा झालेला डोंगर,
त्यावर उसाच्या रसाचा डाग.

एक लेबल घरी आणलं.
अप्पा चाळीस वर्षं डाय हाऊसला होते,
नखांच्या कडेला निळं आहे अजून.
सहीपलीकडे त्यांनी कधी काही लिहिलं नाही.
लेबल बोटांनी चाचपून त्यांनी तेलुगूत विचारलं,
याच्यासाठी तुझा पगार कापला?
काय लिहिलंय एवढं?

"रंगु," मी म्हटलं,
आणि माझंच मला ऐकू आलं :
शेवटचा तो उ,
जो उंबरा ओलांडून कन्ना चौकात गेले
की मी गाळते,
लहानपणापासून,
कुणी पट्टी न उगारता.